बुडालेल्या पात्राचे चित्र

उन्हाळा तापू लागला आणि उजनी धरणाचे पाणी उतरू लागले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवला माणसांची ये-जा वाढते. धरणात गेलेल्या जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर पाण्यातून वर येऊ लागते. पाऊस लांबला तर मंदिराचा बराचसा भाग उघडा पडतो आणि आसपासची जुनी बांधकामेही दिसू लागतात. याच दिवसांत वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे चाळीस टक्के’ अशा बातम्या येतात आणि वर्गातला एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो, की पाणी उणे कसे असेल?

हिशोब सोपा आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातील ६३ टीएमसीहून थोडा अधिक भाग हा मृत साठा. टक्केवारी काढतात ती वरच्या सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्याची. पाणी मृत साठ्याच्या पातळीखाली गेले की आकडा उणे होतो. उणे पन्नास टक्के झाले तरी धरणात छत्तीस टीएमसीहून अधिक पाणी उरलेले असते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवली.

काही वर्षांपूर्वी बारामतीला विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेत उपग्रह चित्रांविषयी बोलण्याची संधी मला मिळाली. चहाच्या वेळी इंदापूर भागातले एक गुरुजी जवळ आले. म्हणाले, “सर, पाणी उतरलं की आम्ही मुलांना काठावर घेऊन जातो. मुलं विचारतात, मूळ भीमा कुठून वाहत होती? आता दिसतो तोच का तिचा मार्ग? मी सांगतो, हो. पण मला स्वतःलाच खात्री नाही.”

मी म्हणालो, “त्यात काय अवघड आहे, गुरुजी? माझ्याकडे धरणाच्या आधीचंही चित्र आहे आणि दुष्काळातल्या उजनीचंही. दोन्ही पाठवून देतो.”

हे बोलणे मला महागात पडले. त्या निमित्ताने जुन्या चित्रफायली नव्या स्वरूपात आणण्याच्या उद्योगाकडे मी प्रथमच गंभीरपणे पाहिले.

कपाटातली सीडी

संशोधक विद्यार्थी असताना, २००४ सालच्या सुमारास, मी उजनीवर थोडे काम केले होते. आधीची दोन वर्षे महाराष्ट्रात दुष्काळाची होती. भारताच्या आयआरएस मालिकेतील उपग्रहाच्या ‘लिस-३’ कॅमेऱ्याने टिपलेले एक चित्र माझ्याकडे सीडीवर होते. या कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर साडेतेवीस मीटरचा. शिवाय अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचे सत्तरच्या दशकातले एक चित्र मी मोठ्या चिकाटीने, संथ इंटरनेटवरून, रात्रभर जागून उतरवून घेतले होते.

सीडी संगणकात घातली. काही फायली वाचता आल्या, काही नाही. ज्या आल्या त्यांतही एक घोटाळा होता. प्रत्येक चित्राबरोबर मोठ्या फायलींच्या सोबतीला एक-दोन अगदी छोट्या फायली असतात. चित्राची रुंदी किती, ओळी किती, कोणत्या तारखेचे, कोणत्या तरंगलांबीचे, असा तपशील त्यांत असतो. प्रत काढताना ‘या बारक्या फायली काय कामाच्या?’ असा विचार करून मी त्या वगळल्या होत्या. अवरक्त पट्ट्याची मूळ फाईल तर वाचताच येईना. तिची एकमेव आठवण म्हणजे व्याख्यानासाठी तयार केलेले एक रंगीत जेपीईजी चित्र. ते मात्र झटकन उघडले आणि फार सुंदर दिसले. लँडसॅटचेही तेच. मूळ फाईल मोठी म्हणून पुसून टाकलेली आणि उरले होते जेपीईजी.

थोडक्यात, माझे नुकसान दोन प्रकारचे होते. एक भरून काढता येण्यासारखे आणि एक न येण्यासारखे. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

आकड्यांची एकच लांब रांग

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग. पहिली ओळ संपली की लगेच दुसरीचे आकडे सुरू. ओळ कोठे मोडायची ते रांगेत लिहिलेले नसते. ते त्या बारक्या फायलीत असते. ती हरवली तर?

वर्गात करून पाहा. चौकटीच्या कागदावर बारा चौकोन रुंद आणि नऊ चौकोन उंच असे साधे चित्र काढा. मासा, घर, काहीही. भरलेल्या चौकोनाला १ आणि रिकाम्याला ० असे मानून सगळे १०८ आकडे एकाच ओळीत लिहून काढा आणि ही चिठ्ठी शेजारच्या वर्गात पाठवा. रुंदी सांगू नका. मुले १०८ चे विभाजक काढतील आणि चार, सहा, नऊ, बारा, अठरा अशा रुंद्या घेऊन पाहतील. चुकीच्या रुंदीवर नुसती कचकच दिसते. बाराला मासा पोहायला लागतो. मुद्दाम अकरा किंवा तेरा घेतले तर आणखी मजा येते. प्रत्येक ओळ एकेक घर सरकते आणि मासा तिरका पसरतो. त्या तिरकेपणावरूनच ‘रुंदी एकाने चुकली’ हे ओळखता येते.

माझ्या सीडीवरच्या वाचता आलेल्या पट्ट्यांचे मी हेच केले. फाईलची लांबी मोजली, विभाजक काढले, तिरकेपणा पाहून रुंदी सुधारली आणि दुपार संपायच्या आत चित्र उभे राहिले. तारीख आणि तरंगलांबी मात्र गणिताने मिळत नाही. ती जुन्या वहीत सापडली, हे माझे नशीब.

जेपीईजीचे तसे नाही. १९९२ साली मान्य झालेली ही पद्धत छायाचित्रांसाठी उत्तम आहे, कारण माणसाच्या डोळ्याला जे जाणवत नाही ते ती टाकून देते. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यातले सावकाश बदलणारे भाग जपते आणि बारीक, झपाट्याने बदलणारे भाग ढोबळ करते. रंगांचा तपशील तर बहुधा उजेडाच्या तपशिलाच्या निम्म्या बारकाईनेच ठेवते. चेहऱ्याच्या फोटोत हे कळतही नाही. पण माझ्या चित्रात लाल रंग म्हणजे अवरक्त किरण होते आणि पाणी ओळखायचे ते नेमके त्यावरूनच. पाणी अवरक्त किरण शोषून घेते म्हणून काळे दिसते. कोरडी जमीन आणि पीक उजळ दिसते. काठ म्हणजे हा बदल जिथे अचानक होतो ती रेषा. जेपीईजी पुसट करते ती हीच. माझ्या चित्रातला आठ बिंदूंचा तुकडा म्हणजे जमिनीवर १८८ मीटर. भिगवणकडच्या चिंचोळ्या फाट्यांची रुंदी काही ठिकाणी याहूनही कमी. पाण्याचे क्षेत्र मोजायला बसलो तर ‘पाणी’ म्हणायची मर्यादा जराशी हलवली की उत्तर बदलू लागले.

मग हे जेपीईजी चित्र नव्या, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात नेले तर? काही उपयोग नाही. फाईल चौपट मोठी होईल, गेलेला काठ परत येणार नाही. उसाचा रस काढून झाल्यावर चिपाड कितीही मोठ्या पिंपात भरले तरी तेच.

सहा बिटांचा उपग्रह

आता लँडसॅटकडे वळू. १९७२च्या जुलैत, महाराष्ट्रात पावसाने दडी मारलेली असताना, २३ तारखेला अमेरिकेने हा उपग्रह सोडला. तेव्हा त्याचे नाव ईआरटीएस-१ होते. लँडसॅट हे नाव नंतरचे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात अजून निघतात. योगायोग असा, की याच वर्षापासून या जमिनीवर आकाशातून नियमित नजर सुरू झाली.

त्या उपग्रहावर दोन यंत्रे होती. टीव्हीसारख्या तंत्राचे कॅमेरे हे मुख्य मानले गेले होते आणि बहुवर्णपटीय स्कॅनर हा जोडीला घेतलेला प्रयोग. ह्यूज कंपनीतील पदार्थवैज्ञानिक व्हर्जिनिया नॉरवुड यांनी या स्कॅनरची रचना केली. हलत्या आरशावर चालणारे यंत्र अवकाशात टिकेल का, अशी अनेकांना शंका होती. प्रत्यक्षात कॅमेरे विजेच्या दोषामुळे थोड्याच दिवसांत बंद करावे लागले आणि आरसा मात्र सेकंदाला तेरा वेळा हलत वर्षानुवर्षे काम करीत राहिला.

एका झोक्यात हा स्कॅनर सहा ओळी वाचत असे आणि प्रत्येक ओळ चार पट्ट्यांत: हिरवा, लाल आणि दोन अवरक्त. म्हणजे सहा चोक चोवीस संवेदक. प्रत्येक संवेदकाचा आकडा सहा बिटांचा, म्हणजे ० ते ६३ मधला. आजच्या मोबाईलच्या मानाने हे काहीच नाही. एका चित्रात सुमारे २,३४० ओळी आणि ओळीत सुमारे ३,२४० बिंदू; गुणाकार करा, दर पट्ट्याला पाऊण कोटीच्या वर आकडे येतात. एवढ्यात १८५ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद प्रदेश मावतो.

बिंदू मात्र चौरस नव्हता. उड्डाणाच्या दिशेने दोन ओळींत ७९ मीटर अंतर आणि ओळीतल्या दोन बिंदूंत सुमारे ५७ मीटर. गुणाकार केला तर एका बिंदूच्या वाट्याला साधारण ४,५०० चौरस मीटर, म्हणजे साडेचव्वेचाळीस गुंठे येतात. एकरभराहून थोडी जास्त जमीन आणि तिला एक आकडा! बारामती तालुक्यातला छोटा पाझर तलाव यात एकदोन बिंदूंचा होतो. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला. तो या चित्रात स्वतः जवळजवळ दिसत नाही, पण त्याने भिजवलेली जमीन कोरड्या माळापासून वेगळी उठून दिसते.

या बिंदूंपासून साध्या पडद्यावर चित्र केले तर ते ओढलेल्या चादरीसारखे आडवे ताणले जाते. त्यात उपग्रह चित्र घेत असताना खाली पृथ्वी फिरत असते, म्हणून पुढची ओळ मागच्या ओळीच्या बरोबर खाली पडत नाही. शिवाय सहा संवेदकांपैकी एखादा जरा मंद असला, की दर सहावी ओळ काळसर दिसते. पाण्यासारख्या गडद भागावर हे पट्टे फार डोळ्यात भरतात. तेव्हा जुन्या लँडसॅट फाईलचे नवे रूप करणे म्हणजे फक्त डबा बदलणे नव्हे. ताण काढायचा, तिरकेपणा काढायचा आणि चौरस जाळीवर आकडे पुन्हा मांडायचे. आज जी रूपांतरित चित्रे मिळतात त्यांत ही जाळी ६० मीटरची आहे.

पुन्हा मांडायचे कसे? वर्गातली बाके नव्या रचनेत लावायची आहेत आणि प्रत्येक नव्या जागेवर एक गुण लिहायचा आहे, असे समजा. एक रीत अशी, की नव्या जागेच्या सर्वांत जवळ जे जुने बाक होते त्याचेच गुण लिहायचे. यात कोणाचे गुण दोनदा येतील, कोणाचे गळतील, पण लिहिलेला प्रत्येक आकडा खरोखर कोणीतरी मिळवलेला असेल. दुसरी रीत म्हणजे भोवतालच्या सोळा बाकांच्या गुणांचे वजन लावून आकडा काढायचा. चित्र जास्त गुळगुळीत आणि जागच्या जागी दिसते. पण असा आकडा उपग्रहाने कधीच मोजलेला नसतो. अमेरिकी अभिलेखागार आज दुसरी रीत वापरते, आणि नकाशे एकमेकांवर बसवायला ती सोयीची आहेच. कोणती चांगली, या प्रश्नाचे उत्तर कामावर अवलंबून आहे. कोणती वापरली हे फाईलमध्ये लिहिलेले असणे मात्र अत्यावश्यक आहे, आणि नेमका हाच भाग घाईत सुटतो.

फितींचा प्रवास

सत्तरच्या दशकात हे आकडे उपग्रहावरच्या टेपरेकॉर्डरवर साठत आणि अमेरिकेतल्या ग्राहक केंद्रावरून जाताना खाली सोडले जात. हे रेकॉर्डर फार काळ धड चालत नसत, म्हणून दूरच्या देशांची चित्रे मोजकीच मिळाली. हैदराबादजवळ शादनगरला आपले स्वतःचे ग्राहक केंद्र १९७९-८० मध्ये सुरू झाले. उजनीचे भूमिपूजन १९६६चे आणि धरण पूर्ण झाले १९८० साली. म्हणजे वाहत्या भीमेची चित्रे बहुतांशी त्या दुबळ्या रेकॉर्डरांच्या कृपेने आपल्याकडे आहेत.

जमिनीवर आल्यावरही धोका टळला नाही. चुंबकीय फितीवरचा थर ज्या डिंकाने चिकटवलेला असतो, तो हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. फीत यंत्रात अडकते, थर सुटून येतो. अशी फीत मंद आचेवर काही तास तापवून, जेमतेम एकदा वाचण्याइतकी कोरडी करावी लागते. वाचणारे यंत्रही जिवंत लागते, ही अडचण वेगळीच. दक्षिण डाकोटा राज्यातील सू फॉल्स येथील ईरॉस केंद्रात जुन्या फितींवरचा मजकूर नव्वदच्या दशकात नव्या कॅसेटींवर उतरवण्यात आला आणि पुढे तिथून चकत्यांवर. मधल्या काळात लँडसॅटची विक्री खासगी कंपनीकडे गेली होती आणि एकेका चित्राला हजारो डॉलर पडत. २००८ साली सगळा संग्रह विनामूल्य खुला करण्याचा निर्णय झाला. इंदापूरचा विद्यार्थी आणि अमेरिकेतला प्राध्यापक तेव्हापासून एकाच रांगेत उभे आहेत.

हा संग्रह ज्या स्वरूपात मिळतो त्याचे नाव जिओटिफ. मुळातले टिफ स्वरूप १९८६ साली आल्डस कंपनीने कार्यालयातल्या स्कॅनरसाठी काढले. त्याची रचना शाळेच्या जनरल रजिस्टरसारखी आहे. प्रत्येक रकान्याला क्रमांक ठरलेला: २५६ म्हणजे रुंदी, २५७ म्हणजे ओळींची संख्या, २५८ म्हणजे दर आकड्याला किती बिट, २५९ म्हणजे दाबून भरले असल्यास कोणत्या रीतीने. ज्या वाचकाला एखादा क्रमांक कळत नाही त्याने तो सोडून पुढे जावे, असा नियम. या नियमामुळेच १९९५च्या सुमारास दूरसंवेदनातल्या लोकांना नवे रकाने जोडता आले. ३३५५० मध्ये बिंदूचे जमिनीवरचे माप, ३३९२२ मध्ये चित्रातला अमुक बिंदू पृथ्वीवर कुठे बसतो ते. झाले जिओटिफ.

टिफ फाईलच्या सुरुवातीची गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. पहिली दोन अक्षरे ‘आय आय’ असतात किंवा ‘एम एम’. आय म्हणजे इंटेल, एम म्हणजे मोटोरोला. मोठा आकडा दोन घरांत लिहिताना इंटेलची यंत्रे लहान भाग आधी लिहीत, मोटोरोलाची मोठा भाग आधी. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत ‘ट्वेन्टी-फाइव्ह’, वीस आधी. दोघेही बरोबर, पण ऐकणाऱ्याला भाषा कळली पाहिजे. या दोन अक्षरांनंतर नेहमी ४२ हा आकडा येतो. उलट्या क्रमाने वाचला तर तो १०,७५२ होतो आणि चूक तिथल्या तिथे कळते.

एक खाचखळगा सांगितलाच पाहिजे, कारण मी स्वतः त्यात पडलो आहे. कळत नाही तो रकाना सोडून द्यावा, हे वाचताना ठीक. पण चित्र साध्या फोटोच्या प्रणालीत उघडून, थोडे उजळ करून पुन्हा जतन केले, की ती प्रणाली न कळलेले रकाने लिहीतच नाही. फाईलचे नाव तेच, चित्र तेच, आणि ते पृथ्वीवर कुठले हे गायब. शिवाय उजळ करताना आकडे बदलले ते वेगळेच.

इंदापूरचे जुने रूपांतर

थोडे विषयांतर होईल, पण टाळवत नाही. मापे आणि नोंदी एका पद्धतीतून दुसरीत नेण्याचा एक फार मोठा प्रयोग याच इंदापुरात झाला आहे. पेशवाईनंतर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करवली. प्रिंगल या अधिकाऱ्याची १८३०च्या आसपासची आकारणी कागदावर शास्त्रशुद्ध होती, पण रयतेला झेपली नाही; जमिनी पडीक पडल्या. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. तीस वर्षांसाठी दर बांधून दिले. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरलेली पद्धत ती हीच.

या पद्धतीत जमीन तेहतीस फुटी साखळीने मोजत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यापूर्वी बिघा आणि चाहूर चालत. बिघ्याचे माप गावोगावी वेगळे पडे आणि पुष्कळदा जमिनीचा कस त्या मापातच मिसळलेला असे. नव्या पद्धतीने दोन गोष्टी सोडवून वेगळ्या केल्या: क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि कस आण्यांत. कोणत्या शेताला किती आणे धरले हे लिहून ठेवले गेले. नवे दर न्याय्य होते की नाही हा वाद इतिहासकारांनी घालावा; तीस वर्षांनी दर वाढले आणि १८७५ साली बारामतीजवळच्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगल उसळली, हेही त्याच कथेत येते. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की मोजलेला आकडा आणि त्यावरून काढलेला अर्थ वेगवेगळ्या रकान्यांत राहिला. म्हणून टिपणाचा जुना कागद आज स्कॅन केला तरी वाचता येतो.

उलट उदाहरण इंग्लंडचे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ या जमीन-पाहणीच्या नऊशेव्या वर्षानिमित्त, १९८६ मध्ये, बीबीसीने देशभरातल्या शाळांकडून मजकूर आणि चित्रे गोळा करून लेसर चकत्यांवर भरली. पंधराएक वर्षांतच त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवण्यासाठी संशोधकांना जुन्या संगणकाचे सोंग नव्या संगणकाकडून करवून घ्यावे लागले. मूळ चामड्यावरचे पुस्तक मात्र अजून वाचता येते.

गुरुजींना उत्तर

लँडसॅटचे सत्तरच्या दशकातले चित्र मी अभिलेखागारातून पुन्हा मिळवले. लिस-३ चे तसले चित्रही पुढे मिळाले. माझ्या कपाटातून नव्हे, ज्यांनी आकडे सांभाळले त्यांच्याकडून. आता आपल्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’ संकेतस्थळावरही जुन्या भारतीय उपग्रहांची अनेक चित्रे विनामूल्य उतरवून घेता येतात. शिक्षकांनी ते जरूर पाहावे.

दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवली. याच कामासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे धरणाआधीचे नकाशे उपयोगी पडतात, पण त्यात इंदापूरची एक खोडी आहे. ७५ अंश पूर्व रेखावृत्त शहराच्या किंचित पश्चिमेकडून जाते. त्यामुळे बारामतीचा नकाशा ४७ जे मालिकेत येतो आणि इंदापूरचा ४७ एन मध्ये, आणि जुने पात्र या दोहोंत तुटते. उपग्रहाच्या चित्राला ती अडचण नाही. नकाशात नदी दोन रेषांची असते. चित्रात काठच्या मळईतले उभे पीक अवरक्तात लखलखते आणि नदीची वळणे त्याच्या कडेने उमटतात.

गुरुजींचे उत्तर मात्र ‘हो’ आले नाही. भिगवणच्या वरच्या अंगाला पाणी उतरले की प्रवाह साधारण जुन्याच मार्गाने दिसतो. तिथेही तो इतक्या वर्षांच्या गाळावरून वाहतो. पण खाली, धरणाच्या बाजूला, तसे होऊ शकत नाही. नदीचे पात्र ही खोऱ्यातली सर्वांत खोल जागा. उणे पन्नास टक्क्यांनाही छत्तीस टीएमसी पाणी शिल्लक असते आणि ते असते नेमके तिथेच. उन्हाळ्यात उघडी पडतात ती शेते, गावठाणे, ओढ्यांची तोंडे. १९८० नंतर धरण तळापर्यंत कधीच रिकामे झालेले नाही, म्हणून खालच्या भागातली मूळ भीमा तेव्हापासून कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही.

मी गुरुजींना दोन छापील चित्रे पाठवली. सोबत एक कागद जोडला आणि त्यावर उपग्रह, तारीख, पट्टा, बिंदूचे माप, जाळीवर मांडण्याची रीत असे सगळे शाईने लिहिले. एक सावधगिरीची सूचनाही लिहिली, की जलपर्णीने झाकलेले पाणी अवरक्तात उजळ दिसते आणि जमिनीसारखे भासते. अलीकडच्या चित्रांवर बोट ठेवताना हे लक्षात असावे.

आठवड्याने त्यांचा फोन आला. मुलांनी चित्र घरी नेऊन आजोबांना दाखवले होते. एका आजोबांनी नदीच्या वळणावर बोट ठेवून आपली जुनी विहीर कुठे होती ते सांगितले. दुसऱ्याने ते खोडून काढले, आणि त्यावरून बरीच चर्चा झाली म्हणे.

“सर,” गुरुजी म्हणाले, “या जुन्या चित्रात पळसनाथाचं मंदिर कुठं आहे? पोरं शोधून दमली.”

मंदिर त्यात दिसत नाही. साडेचव्वेचाळीस गुंठ्यांच्या एका बिंदूत मंदिर, भोवतालची मोकळी जागा, आजूबाजूची घरे आणि झाडे हे सगळे मिळून ० ते ६३ मधला एकच आकडा झालेला आहे. तो कोणता बिंदू, ते मी त्यांना ओळ आणि स्तंभ मोजून सांगितले, एखाद्या घराची चूक धरून.